चालू करू काय आता?

हातकाट्याला लटकवून खोका उचलला :
एकवीस किलो सातशे.
विमानवाले चाळीस देतात,
म्हणजे उरलेल्या अठरांत सदतीस वर्षं बसवायची.

शलाका फोनवर म्हणते, बाबा, ते तवे तिथेच द्या कुणाला,
इथे सगळं मोबाइलवर वाजतं.
वाजतं गं.
पण मोबाइलवर या बाईला बाह्या नाहीत.

सत्त्याऐंशी साली लंडनहून टपालानं आलेलं कव्हर.
बाई मुळात उघड्या खांद्यांची, गळ्यात कुत्र्याचा पट्टा,
तोंड असं वासलेलं की शिवीच देत असावी.
मनामाच्या कस्टममध्ये कुणीतरी काळ्या मार्करनं
तिला लांब बाह्यांचं पोलकं शिवलं.
शिवलंच म्हणतो मी. नुसतं फासलं नाही.
दोन्ही मनगटांशी सारखे कफ,
डाव्या कफाला बटणसुद्धा.
बाप शिंपी असावा त्याचा.

हा वाकडा.
ऑगस्टात गाडीच्या मागच्या काचेखाली राहिला,
वीस मिनिटं, खबूस घेऊन येईपर्यंत.
मी अकोल्याचा, मला ऊन शिकवू नका,
असं सांगत फिरायचो तोवर.
महिनाभर दोन काचांत दाबला, वर लोणच्याची बरणी,
तरी सुई त्यावर अजून होडीसारखी वर-खाली होते
आणि गाणारा भर समुद्रातून बोंबलतो.

हे एकोणीस ग्रॅहमसाहेबाचे.
अवालीतला कंपनीचा बंगला तो रिकामा करत होता,
मी छताशी, डक्ट साफ करत.
मडम आधीच निघून गेलेली.
तुला हवेत का, म्हणाला, शिडीकडे न बघता.
प्रत्येकाच्या आत पेन्सिलीनं मोइरा, मोइरा.
एकावरचं नाव खोडलेलं, कागद पातळ होईस्तोवर.
तोच सगळ्यांत जास्त झिजलाय.

आणि हा छोटा.
कव्हर नाही. खाकी पाकीट, त्यावर पसरलेला अरबी शिक्का.
अठ्ठ्याऐंशीचा जुलै, मुहर्रकमधलं एक गॅरेज,
चार पोरं,
आणि खिडकीतला एसी असा खडखडणारा
की त्यालाच पाचवा धरावं.
दुरुस्तीला म्हणून बोलावलं मला.
ईसा म्हणाला, दुरुस्त नको, बंद कर. टेप फिरतेय.
केला बंद.
त्या भट्टीत ती पोरं शर्ट काढून
अडीच मिनिटं अशी तुटून पडली
जसं मालकानं घर खाली करायला सांगितलंय.
शब्द एकही कळला नाही,
पण फोरमनला बोलायचं माझं जे राहून गेलं होतं
ते बहुतेक हेच होतं.
शेवटचा फटका पडला. कुणी हलेना.
घामानं माझे डोळे मिटलेले, आणि मी विचारलं,
चालू करू काय आता?
मराठीत. कुणाला, देव जाणे.

सायप्रसहून पन्नास प्रती आल्या.
माझा आवाज त्यांनी कापला नाही.
शेवटची ओळ तीच बरी वाटते, ईसा म्हणाला.
अर्थ त्यानं विचारला नाही, मीही सांगितला नाही.
ईसा आता विमा विकतो.
ढोल बडवणाऱ्याबद्दल त्याला विचारायचं नसतं.

माझ्याकडे तेव्हा वाजवायला यंत्रही नव्हतं.
तीन पगार साठवून ते घेतलं,
मग वाटलं, एका तव्यासाठी एवढं यंत्र?
म्हणून बाकीचे. हे सगळे.
शलाकाच्या आईला हे कधी सांगितलं नाही.

रोडेल खालच्या मजल्यावरून आलाय खोका न्यायला.
बाह्यांवाली त्याला. मोइरा त्याला.
वाकडा तो घेणार नाही, तो माझा.
छोट्याचं वजन काटा दाखवतही नाही.

तो गेल्यावर सवयीनं एसी बंद करतो,
सुई ठेवतो.
अडीच मिनिटं.
मग खरखर, आणि तिच्या आतून
पंचविशीतला एक पोरगा वऱ्हाडी हेलात विचारतो.

थांब जरा, म्हणतो मी.
पाठीवरून घाम उतरतोय,
उतरू दे.